पेस्ट-पॉट पीटच्या डब्यात नेमका कोणता गोंद भरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: मार्व्हलच्या पेस्ट-पॉट पीटला हसण्यावारी न नेता, खरा रसायनतज्ज्ञ म्हणून एका फॅन-कॉमिकमध्ये लिहायचं आहे. त्याच्या बंदुकीत भरायला जगातला सगळ्यात ताकदवान गोंद कोणता, तो बंदुकीतून मारता येतो का, आणि समोरच्या माणसाला तो जागच्या जागी खिळवून ठेवेल का?

'सगळ्यात ताकदवान' या शब्दांपाशीच अशा कथा फसतात, म्हणून आधी प्रश्न थोडा बदलून मांडतो. चिकटद्रव्यांचं काम करणारा माणूस ताकदीचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. त्याआधी तो विचारतो, की हे द्रव्य डब्यात महिनोन्‌महिने पातळ का राहतं आणि लावल्यावर घट्ट का होतं? डब्यात नसलेली अशी कोणती गोष्ट त्याला लावल्या जागी भेटते? हवेतला ओलावा, हार्डनर (घट्ट करणारं दुसरं द्रव्य), थंडावा, दाब सुटणं, पाणी उडून जाणं, यातलं काहीतरी एक असतंच. पीटच्या बाबतीत हा बदल बंदुकीच्या तोंडापासून शत्रूच्या अंगापर्यंतच्या साधारण अर्ध्या सेकंदात सुरू व्हायला हवा. त्यामुळे उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: शत्रू कोण, पाऊस पडतोय का, जमीन कसली, कथा कुठल्या सालातली. एकच गोंद सगळीकडे चालत नाही. पीट खरोखर रसायनतज्ज्ञ असेल तर त्याच्याकडे एकाहून जास्त डबे असतील.

ज्यांना हे पात्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पीटर पेट्रुस्की 'स्ट्रेंज टेल्स'च्या १०४व्या अंकात, जानेवारी १९६३ मध्ये, ह्यूमन टॉर्चचा, म्हणजे फँटॅस्टिक फोर या चमूतल्या अंगाने पेटून उडणाऱ्या नायकाचा, शत्रू म्हणून आला. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी घडवलेलं हे पात्र. हातात बंदूक, बंदुकीला नळी, नळीचं दुसरं टोक गोंदाच्या भांड्यात. पुढे 'फँटॅस्टिक फोर'च्या ३६व्या अंकात (मार्च १९६५) तो विझर्ड, सँडमॅन आणि मेडुसा यांच्यासोबत फ्राइटफुल फोर टोळीत आला आणि ३८व्या अंकात त्याने ट्रॅपस्टर हे नाव घेतलं. नाव बदललं तरी मूळ कल्पना तीच राहिली, आणि ती कल्पना मुळात कच्ची नाही. तिच्यात रसायनशास्त्र भरपूर आहे, ते फक्त पानावर फारसं उतरलेलं नाही.

सुरुवात भांड्यापासून करा, कारण भांडं उघडं की बंद यावर आत काय असू शकतं ते ठरतं. तुम्ही भांडं उघडं काढणार असाल तर हवेच्या ओलाव्याने पकडणारी सगळी द्रव्यं बाद होतात. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपण फेविक्विक म्हणून वापरतो त्या जातीचं द्रव्य, आणि ओलाव्यावर घट्ट होणारं पॉलियुरेथेन, दोन्ही उघड्यावर टिकत नाहीत. पॉलियुरेथेनवर आधी साय धरते, मग गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या नळीत अडकतात. उघड्या भांड्यात फक्त दोन प्रकार राहू शकतात: पाण्यात केलेली खळ किंवा पांढरा गोंद, नाहीतर कधीच न वाळणारं चिकट द्रव्य. भिंतीवर पोस्टर लावणाऱ्याच्या बादलीत असते ती पिठाची खळ, आणि पीटचं मूळ चित्र पाहताना तीच आठवते. पण खळ पाणी उडून गेल्यावर पकडते आणि बुटाच्या तळाखाली पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. इथे एक नियम लक्षात ठेवा: थर दुप्पट जाड केला की वाळायला चौपट वेळ लागतो. कागदाखालचा पातळ थर काही मिनिटांत धरतो, तर रबरी तळाखालचा तीन मिलिमीटरचा थर कित्येक दिवस ओलाच राहील. तोवर नायक शहर ओलांडून गेलेला असेल.

आता नळी आणि बंदूक. इथे थोडं गणित करू, कारण चित्रातल्या नळीची जाडीसुद्धा यावरूनच ठरते. पाण्याचा दाटपणा १ सेंटिपॉइज धरला तर घट्ट मध साधारण १०,००० सेंटिपॉइजला जातो. पीटचा गोंद तेवढाच दाट आहे असं समजा. सेकंदाला अर्धा लिटर गोंद, एक मीटर लांब आणि आतून दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून ढकलायला सुमारे १३ बार दाब लागतो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते. तीच नळी आतून एक सेंटिमीटरची घेतलीत तर दाब दुप्पट न होता सोळापट होतो, म्हणजे २०० बारच्या वर जातो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्यापुढे सहा मिलिमीटर व्यासाचं, पाच सेंटिमीटर लांब नोझल लावलं की आणखी ८० बारच्या आसपास. आणि पंप बंदुकीत बसवून भांड्यातला गोंद ओढायचा म्हटलं तर ते जमणारच नाही. ओढण्याला वातावरणाच्या दाबाची मर्यादा आहे, फार तर १ बार. तेवढ्यात दोन सेंटिमीटरच्या नळीतून सेकंदाला जेमतेम ४० मिलिलिटर येईल. म्हणून पंप भांड्यापाशी हवा, किंवा भांडंच झाकण आवळलेलं प्रेशर पॉट हवं. रंगाच्या फवारणीत अशी भांडी रोज वापरली जातात, त्यामुळे चित्रासाठी नमुना शोधायला लांब जावं लागणार नाही: जाड झाकण, चार-सहा पाकळ्यांचे आवळे, दाबमापक, सेफ्टी व्हॉल्व्ह.

एवढा दाब टाळायचा असेल तर रसायनतज्ज्ञ गोंदाचा स्वभावच बदलतो. ढवळताना किंवा ढकलताना पातळ होणारे आणि सोडून दिल्यावर पुन्हा दाटणारे गोंद करता येतात. फ्यूम्ड सिलिका नावाची अतिशय बारीक, हलकी पूड वजनाच्या एक ते तीन टक्के घातली की बऱ्याच रेझिनना हा गुण येतो. नळीत जोराने घासला जात असताना असा गोंद पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याइतका, कधी त्याहूनही पातळ वागतो, आणि शत्रूच्या छातीवर बसला की ओघळत नाही. पीटच्या गोंदात हा गुण असलाच पाहिजे. एरवी भिंतीवर मारलेला गोंद दोन चौकटींत जमिनीवर आलेला दाखवावा लागेल.

नोझलमधून सेकंदाला अर्धा लिटर निघाला तर धारेचा वेग सेकंदाला साधारण १७ ते १८ मीटर येतो. खांद्याच्या उंचीवरून आडवी मारलेली धार सुमारे नऊ मीटरवर जमिनीला टेकते आणि त्याला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे पीटचा पल्ला एका मोठ्या खोलीचा आहे, चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा नाही. मागे बसणारा धक्का जेमतेम एक किलो वजनाइतका, एका हाताने सहज पेलणारा. दहा लिटरचं भांडं मात्र वीस सेकंदांत रिकामं होतं आणि भरलेलं असताना एकट्या गोंदाचंच वजन अकरा किलोच्या घरात जातं. त्यामुळे तो सलग मारत सुटणार नाही. अर्ध्या-एक सेकंदाचे फटके मारेल, मोजून. लढाईची लय लिहिताना याचा उपयोग होईल.

धारेबद्दल आणखी एक. पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू, घातले की धार थेंबांत तुटत नाही, सलग राहते. हे पीटच्या फायद्याचं. पण त्याच गुणामुळे ट्रिगर सोडल्यावर नोझलपासून लक्ष्यापर्यंत तार लोंबत राहते. चिकट द्रव्यांच्या बंदुकींवर ही रोजची कटकट असते. उपाय म्हणून नोझलच्या अगदी तोंडाशी बंद होणारा व्हॉल्व्ह बसवतात आणि बंद होताना द्रव्य किंचित मागे ओढून घेतात. पीटकडे तो नसेल तर त्याचा शत्रू त्याच तारेने त्याला ओढू शकतो.

आता मुख्य गोष्ट, पकड कशाने धरायची. एकेक पर्याय घेतो.

सायनोॲक्रिलेट पहिलं सुचतं. १९५८ पासून ते ईस्टमन ९१० या नावाने अमेरिकेत विकलं जात होतं, म्हणजे १९६३ च्या पीटला ते मिळू शकत होतं. ते पृष्ठभागावरच्या ओलाव्याच्या अतिसूक्ष्म थराने काही सेकंदांत पकडतं आणि कातडीवर तर फारच पटकन. पण ते काम करतं ते अगदी पातळ थरात, कागदापेक्षाही पातळ. लोंदा मारला तर बाहेरून कवच धरतं आणि आत कितीतरी वेळ ओलं राहतं. दुसरा धोका कथेच्या दृष्टीने गंभीर आहे. सुती कापडावर ते भरपूर सांडलं तर प्रक्रिया इतक्या वेगाने होते की कापड तापून धूर येतो आणि आतली कातडी भाजते. सुती शर्ट घातलेल्या माणसावर पीटने हे मारलं, तर तो त्याला पकडत नाहीये, भाजतोय. पात्र किती क्रूर ठेवायचं हे ठरवल्याशिवाय हा पर्याय घेऊ नका.

हॉट मेल्ट, म्हणजे तापवून वितळवायचा गोंद, १६० ते १९० अंशांवर पातळ असतं आणि थंड झालं की पकडतं. पुन्हा भाजणं आलंच. शिवाय तीन मिलिमीटरचा लोंदा आतपर्यंत थंड व्हायला मिनिटभर तरी जातो, कारण प्लास्टिकमधून उष्णता फार हळू बाहेर पडते. भांडं तापवायला वीज लागेल आणि ते गार पडलं की सगळी नळी आतून बंद.

दोन भागांचं इपॉक्सी घेतलं तर बाजारात 'पाच मिनिटांचं' मिळतं, आणि लढाईत पाच मिनिटं म्हणजे फार झाली. वेग वाढवला तर ते भांड्यातच तापतं. लोंदा जितका मोठा तितकं लवकर, कारण निघालेली उष्णता आतच कोंडते.

खऱ्या जगात पीटच्या बंदुकीच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू म्हणजे पॉलियुरियाची फवारणी. पिकअप ट्रकच्या हौद्याला, टाक्यांना, गच्चीला हे अस्तर मारतात. दोन द्रव वेगवेगळ्या नळ्यांतून ६५ ते ७५ अंशांवर, १५० ते २०० बार दाबाने येतात, बंदुकीतल्या छोट्या कोठडीत समोरासमोर आदळून मिसळतात आणि बाहेर पडल्यापासून तीन ते दहा सेकंदांत त्यांचं चिवट रबर होतं. प्रमाण सहसा समसमान, एकास एक. हे तंत्र १९८० च्या दशकातलं, म्हणून १९६३ च्या कथेत पीटने ते स्वतः आधीच शोधलंय असं दाखवा. तेवढी सूट कॉमिकला शोभते आणि तो किती हुशार आहे तेही न सांगता कळतं. बिघडतं कुठे, तर ट्रिगर सोडल्यावर कोठडीत राहिलेलं मिश्रण तिथेच घट्ट होतं. म्हणून खऱ्या बंदुकींत प्रत्येक फटक्यानंतर हवेचा झोत किंवा एक धातूची काडी ती कोठडी साफ करते. ही सफाई एकदा चुकली तरी बंदूक गेली. एका बाजूची नळी अर्धी तुंबली तर प्रमाण बिघडतं आणि लक्ष्यावर पडतो तो चिकट, कधीच न सुकणारा राडा. शिवाय या प्रकारातला एक घटक, आयसोसायनेट, श्वासातून गेला तर दम्यासारखा कायमचा त्रास जडवू शकतो. पीटने मास्क घातलाच पाहिजे, आणि तो का घातलाय हे वाचकाला एका ओळीत सांगता येईल.

शेवटचा पर्याय उलट्या वाटेने जातो: गोंद कधी वाळायलाच नको. उंदीर पकडायच्या चिकट पाटीवरचं द्रव्य असंच असतं. ते लागतं आणि चिकटच राहतं. अमेरिकेच्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजने याच तत्त्वावर चिकट फेस तयार केला. दाबाखाली तो टाकीत द्रव असतो, नोझलबाहेर दाब सुटला की आतला वायू फुगतो आणि कितीतरी पट जागा व्यापणारा अतिशय चिकट फेस होतो. अमेरिकी मरीन सैनिकांनी १९९५ मध्ये तो सोमालियात नेला होता. इथे डब्यात नसलेली गोष्ट म्हणजे मोकळी हवा, आणि ती सगळीकडे भेटते. भांड्याचा वीस सेकंदांचा प्रश्नही सुटतो, कारण थोड्या द्रवात भरपूर फेस मिळतो. हे शस्त्र सर्रास वापरात का आलं नाही, ते तुमच्या कथेसाठी जास्त मोलाचं आहे: तोंडावर-नाकावर बसला तर माणूस गुदमरतो, आणि पकडलेल्या माणसाला सोडवणं, साफ करणं, गाडीत बसवणं फार कठीण जातं. पकडणारे स्वतःच त्याला चिकटतात.

इथवरचं एका वाक्यात: उघड्या भांड्यात वेगवान गोंद राहत नाही, वेगवान गोंद लोंद्यात चालत नाही किंवा भाजतो, आणि जो लोंद्यात चालतो तो एकतर दोन नळ्यांचा असतो नाहीतर कायम चिकट राहणारा.

आता पकड किती धरेल ते पाहू. कॉमिकमधली सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि दुरुस्त केली तर सगळ्यात चांगला प्रसंगही इथेच मिळतो. गोंदाच्या पाकिटावर छापलेला आकडा सहसा सरकवण्याचा असतो: दोन पट्ट्या एकमेकींवरून घसरवायला लागणारा जोर. माणूस सुटतो तो सोलून. एका बुटाचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरा. अगदी दुबळा गोंदही, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो धरणारा, सरळ वर खेचल्यास २०० किलोचा जोर सोसेल. पण टाच आधी उचलली की सगळं क्षेत्रफळ एकदम लढत नाही, लढते फक्त उचकटणारी रेघ. चांगली चिकटपट्टी दर सेंटिमीटर रुंदीला साधारण एक किलो धरते. बुटाची रुंदी नऊ सेंटिमीटर, म्हणजे नऊ किलो. लहान मूलसुद्धा तेवढी टाच उचलेल. सायनोॲक्रिलेट सरकवण्यात जबरदस्त असतं आणि सोलण्यात फार कच्चं, कारण ते काचेसारखं कडक होतं आणि एकदा तडा गेला की तो सरळ पळतो. इतकं करूनही नायक बूट काढून निघून जाऊ शकतो.

तेव्हा पीट शहाणा असेल तर तो माणसाला जमिनीला चिकटवणार नाही. माणसाला माणसाशीच चिकटवेल: मनगटं एकमेकांना, कोपर बरगड्यांना, गुडघा गुडघ्याला. चारी बाजूंनी वेढलेल्या गोंदाला उचकटायची कडाच उरत नाही. तीन मिलिमीटरचा थर अर्ध्या चौरस मीटरवर द्यायला दीड लिटर पुरतो, म्हणजे तीन सेकंदांचा मारा. मोठ्या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असतं, त्यातलं एवढं क्षेत्र नेमक्या जागी झाकलं तरी बस.

कायम चिकट राहणाऱ्या गोंदाची आणखी एक खासियत आहे, जी मला या पात्रासाठी फार आवडते. झटका मारून ओढला तर तो कडक वागतो, अजिबात सोडत नाही. संथपणे, एका कडेने, सारख्या जोराने ओढत राहिलं तर तारा काढत हळूहळू सोडतो. म्हणजे बलदंड शत्रू धडपडून अडकून पडेल आणि शांत डोक्याचा शत्रू दोन मिनिटांत बाहेर येईल. यावर एक अख्खा प्रसंग उभा राहतो, आणि त्यातला एकही कण खोटा नसेल.

पकड कुठे बसतच नाही तेही लिहून ठेवा. रस्त्यावर धूळ असते. गोंद धुळीला घट्ट धरतो आणि धूळ जमिनीला धरत नाही, त्यामुळे सगळा थर धुळीसकट अलगद वर येतो. पॉलिथिनचा रेनकोट, टेफ्लॉन, सिलिकॉनचं पाणी दिलेलं कापड यांवर बहुतेक गोंद नीट पसरतच नाहीत, आणि जे पसरत नाही ते चिकटत नाही. तेल लागलेला हातही तसाच. पावसात रबरी चिकट द्रव्य ओल्या पृष्ठभागावर बसत नाही, खळ वाहून जाते, पॉलियुरेथेन पाण्याशी वायू सोडून फसफसतं.

तुमच्या कथेत शत्रू ह्यूमन टॉर्चच असेल तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. पांढरा गोंद ३०-४० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. साधं सायनोॲक्रिलेट ८० अंशांपुढे टिकत नाही, घरगुती इपॉक्सीही त्याच आसपास ढिलं होतं, सिलिकॉन दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तग धरतं. पेटलेल्या माणसावर यातलं काहीच उपयोगाचं नाही. उरतं ते सोडियम सिलिकेट, म्हणजे पाणकाच. भट्टीच्या विटांच्या मसाल्यात आणि आगरोधक कामांत वापरतात तेच. हे पाण्यात विरघळलेलं दाट, पारदर्शक द्रव आहे. बंद डब्यात ते दीर्घकाळ तसंच राहतं. ज्वाला लागली की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर धाव घेतं, सगळा थर पावासारखा फुगतो आणि काचेच्या कडक, सच्छिद्र फेसाचं कवच तयार होतं. ते जळत नाही आणि उष्णताही फारशी जाऊ देत नाही. त्यात थोडी चिनी माती कालवली की ते अंगावर टिकतं.

याचा अर्थ नीट बघा. इथे पीटला हार्डनर, दुसरी नळी, हीटर, काहीच लागत नाही. डब्यात नसलेली गोष्ट शत्रू स्वतःच घेऊन येतो. टॉर्च जितका जोरात पेटेल तितकं कवच लवकर धरेल. तो विझला तर कवच थांबेल, पण मग त्याचं उडणंही थांबेल. ह्यूमन टॉर्चचा शत्रू गोंदवाला का असावा, याचं रसायनशास्त्रीय कारण शोधायचं तर मला हेच सर्वांत पटतं. पानावर उतरवताना काही तपशील पाळा. पाणकाच तीव्र अल्कधर्मी असते, डोळ्यात गेली तर मोठी इजा करते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, ती धातू खाते आणि हायड्रोजन सोडते. पोलादी किंवा प्लास्टिकचं भांडं दाखवा. झाकण उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर जेलीसारखी साय धरते. आणि न पेटलेल्या माणसावर तिचा फारसा उपयोग नाही. नुसता ओला, निसरडा चिखल. टॉर्चसोबत फँटॅस्टिक फोरमधलं दुसरं कोणी अचानक आलं तर पीटला त्याच चौकटीत डबा बदलावा लागेल.

सोडवण्याचं रसायन राहिलं. 'ॲव्हेंजर्स'च्या सहाव्या अंकात (जुलै १९६४) बॅरन झेमो या खलनायकाचं ॲडहेसिव्ह एक्स हे चिकटद्रव्य येतं, ज्याने त्याचा मुखवटा चेहऱ्याला कायमचा चिकटलेला असतो, आणि त्या अंकात तुरुंगातला पीटच त्यावर उतारा देऊन ॲव्हेंजर्सना मदत करतो. पात्राच्या सगळ्या इतिहासात त्याची विद्या सर्वांत गंभीरपणे घेतलेली जागा ही. गोंद विरघळतो की नाही हे त्याच्या रेणूंच्या साखळ्यांच्या रचनेवर ठरतं. साखळ्या सुट्या असतील तर योग्य द्रावक त्यांना वेगळं करतो: सायनोॲक्रिलेटला ॲसिटोन, उंदराच्या पाटीवरच्या गोंदाला खाद्यतेल. साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतील, जसं इपॉक्सी किंवा पॉलियुरिया, तर कुठलाही द्रावक त्यांना विरघळवत नाही. फार तर थर फुगतो आणि मऊ पडतो. ॲडहेसिव्ह एक्स कशानेच सुटत नव्हतं म्हणजे ते आडव्या जोडणीचं होतं असं धरा. मग पीटचा उतारा नुसता द्रावक असू शकत नाही. तो त्या आडव्या जोडण्या निवडून तोडणारा पदार्थ हवा. एस्टर जोडणी अल्काने तुटते, दोन गंधक अणूंची जोडणी थायॉल नावाच्या, उग्र वासाच्या संयुगांनी तुटते. दुसरा मार्ग घ्या. कातडीवर तीव्र अल्क लावण्यापेक्षा तो बरा, आणि तुरुंगाच्या कोठडीत पसरलेला सडक्या लसणासारखा वास चित्रातही दाखवता येतो.

तुमच्या पीटसाठी मी हे सामान सुचवेन. पाठीवर पाच-पाच लिटरच्या दोन बंद पोलादी टाक्या: एकात कायम चिकट राहणारा फेस, दुसऱ्यात पाणकाच. प्रत्येकीची नळी वेगळी, आतून दोन सेंटिमीटरची. दोन्ही द्रव्यं एका नळीत कधीच नकोत, दुसऱ्याच फटक्याला ती तुंबेल. तोंडाशी बंद होणारे दोन नोझल एकाच बंदुकीवर. कमरेला खाद्यतेलाची बाटली आणि पाण्याची मोठी बाटली, कारण पाणकाच अंगावर उडाली तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुणं एवढाच उपाय आहे. डोळ्यांना बंद चष्मा. बंदुकीची पकड आणि हातमोजे सिलिकॉनचे, म्हणजे त्याचाच गोंद त्याला धरणार नाही. पॉलियुरियाचं प्रकरण वेगळ्या भागासाठी राखून ठेवा. त्याला २०० बारचा पंप आणि हीटर लागतो, ते पाठीवर मावत नाही. पण एखाद्या गोदामात, लांब गरम नळ्या टाकून पीटने आधीच सापळा लावून ठेवलाय, असं दाखवलंत तर ट्रॅपस्टर हे नाव तिथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बसेल.

कोणतंही द्रव्य निवडलंत तरी त्याचा नेम छातीच्या खाली ठेवा. नाका-तोंडावर गोंद बसलेला माणूस काही मिनिटांत मरतो, आणि पुढच्या पानावर तो धडधाकट उठलेला दाखवला तर इतक्या मेहनतीने जमवलेलं रसायनशास्त्र वाचक मानणार नाही.